देव कोण नेणार, आणि आजी कोण लिहिणार?

पत्र

मावशी, सा. न.

मी ३६ वर्षांची. इंदूरचीच, लग्नानंतर निपानियाला राहते. माहेर रामबागेत. गेल्या श्रावणात आजी गेली, ८८ वर्षांची होती. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. नागपूरच्या काकांनी ठरवलंय की आजीवर ३२ पानी पुस्तिका छापायची, २०० प्रती, आणि ती लिहायची मी, कारण माझं मराठी 'बरं' आहे.

चार वेळा लिहिलं. चारही मसुदे सोबत पाठवतेय. वाचल्यावर मलाच वाटतं, ही कुणाचीही आजी असू शकेल.

आजी पहाटे साडेचारला उठायची. आंघोळ, जप, अंगणातली फुलं. साडेसातला सोवळ्यात पूजेला बसली की साडेनऊलाच उठायची. संध्याकाळी सातला त्रिपदी, म्हणजे दत्ताची तीन पदं. लाख वातींचं व्रत केलं. गुरुचरित्राची पारायणं केली, तीही 'बायकांनी वाचू नये' म्हणणाऱ्यांना न जुमानता. १९९१ साली आजोबांची मिल बंद पडली आणि पुढच्या वर्षी आजोबा तीन आठवडे एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरती होते. तिथल्या वऱ्हांड्यात पेशंटबरोबर निमाडातून आलेली माणसं उपाशी बसलेली तिने पाहिली. आजोबा बरे होऊन घरी आले आणि आजीने डबा सुरू केला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीस पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. दहाला टेम्पोत बसायची. वऱ्हांड्यात डबा उघडला की वाफ यायची, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची. २०१४ मध्ये पाय गेले तेव्हा हे थांबलं. शेवटच्या वर्षी अंथरुणावर पडून ती बोटांवर काहीतरी मोजायची. आम्हाला वाटलं जप चाललाय. एकदा मी कान लावला, तर पोळ्या मोजत होती.

माझं दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे माझा देवावर विश्वास नाही, आणि आजीला ते माहीत होतं. मग तिच्या श्रद्धेबद्दल मी लिहिणं ढोंग नाही का? दुसरं म्हणजे आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा असायचा. तो आजीनेच ठेवलेला. आत्या म्हणते, गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये.

शिवाय देव. घर बिल्डरला जातंय. देवघरात २७ देव आहेत. बाबा म्हणतात नर्मदेत सोडून येऊ, ते ऐकून आत्या रडते, चुलतभावाला फक्त चांदीचे टाक हवेत. आई यावर काही बोलत नाही.

काय लिहू, आणि देवांचं काय करू?

एक नात, इंदूर

उत्तर

अगं,

चारही मसुदे वाचले. पहिल्यात आजी 'वात्सल्यमूर्ती' आहे, दुसऱ्यात 'त्यागमूर्ती', तिसऱ्यात तिने 'सेवेचा वसा' घेतलाय आणि चौथ्यात हे सगळं एकाच वाक्यात आलंय. रागावू नकोस, पण या चौघींपैकी एकही मला राजवाड्यापाशी भेटली तर मी ओळखणार नाही. पत्रातली आजी मात्र लांबून ओळखेन. अंथरुणावर पडून बोटांवर पोळ्या मोजणारी दुसरी बाई अख्ख्या इंदुरात सापडायची नाही. आणि नेमकं हेच तू चारांपैकी एकाही मसुद्यात घातलेलं नाहीस! पत्र मला लिहीत होतीस म्हणून ते हातून सुटलं. पुस्तिका लिहायला बसलीस की तू लेखिका होतेस आणि आजीची मूर्ती होते.

तेव्हा पुस्तिका लिहू नकोस. मला आणखी एक पत्र लिही, नुसतं आजीबद्दल. तेच छाप.

विशेषणांचं काय होतं, ते आपल्या गावात राहून तरी कळायला हवं. अहिल्याबाईंना आपण उठता बसता पुण्यश्लोक म्हणतो. त्या शब्दावरून त्या काय होत्या ते कुणाला कळलंय? १७८० साली त्यांनी काशीला विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं घातली, हे ऐकलं की बाई डोळ्यांसमोर उभी राहते. तुझ्या आजीचं देऊळ म्हणजे तो डबा. तो किती पुडांचा होता? पितळेचा की स्टीलचा? वरून कशात गुंडाळायची? आता तो कुठे आहे?

विश्वासाचं. मला विचारशील तर आजीच्या पूजेबद्दल तुझ्यासारखीनेच लिहिलेलं बरं. श्रद्धाळू माणूस लिहायला बसला की दोन ओळींत आजीला सोडतो आणि देवाबद्दल लिहायला लागतो. तुला देव दिसत नाही, म्हणून समोर बसलेली आजी दिसते. सातला त्रिपदी व्हायची म्हणतेस. पण कशी? टीव्ही कोण बंद करायचं? आजी मांडी घालून बसायची की शेवटी शेवटी खुर्चीवर? वाती वळताना बोटांना विभूती लावायची की दूध? तुला हाक मारायची की तू येणार नाहीस हे धरूनच सुरू करायची? आजीला माहीत होतं म्हणतेस. कसं कळलं तिला, आणि त्यावर ती काय म्हणाली? ढोंगाची भीती वाटते ना, मग तोच प्रसंग सगळ्यात आधी लिहून मोकळी हो.

आमच्या गल्लीत एके काळी सात वाजता एका घरातून त्रिपदीचा सूर लागला की शेजारचं घर पुढचं पद उचलायचं. ही पदं टेंबेस्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची. ते १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. इंदुरातल्या घराघरांत दिवेलागणीला ती पदं म्हटली जाऊ लागली ती मात्र नानामहाराज तराणेकरांमुळे. नानामहाराज १९९३ मध्ये गेले. तुझी आजी तेव्हा पंचावन्न-छप्पन्नची असेल. तिने त्यांना पाहिलं होतं का, काही विचारलं होतं का, हे आत्याला विचार. अशा गोष्टी लेकीला ठाऊक असतात. आणि ती तीन पदं एकदा नीट वाच, विश्वास असो नसो. त्यात पैसाअडका मागितलेला नाही. दत्ताला विनवलंय की बाबा रे, आता शांत हो, आमचं चुकलं, पोटात घाल. म्हणजे तुझी आजी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी चुकलं म्हणत होती. कशाबद्दल, ते तिचं तिला माहीत.

आता तो कप. आत्याला तू समजून घे. तिची आई गेलीय आणि अजून वर्ष व्हायचंय. पण कप गाळून डबा लिहिलास तर डब्यावर माझा विश्वास बसायचा नाही. एमवाय म्हणजे माळवा-निमाडातल्या गरिबाचं शेवटचं ठिकाण. वऱ्हांड्यात बसलेला माणूस झाबुआचा भिल्ल की खरगोनचा पाटीदार, हे तुझ्या आजीने विचारलं नसणार. तिथे ती वाकून पोळी हातावर ठेवत होती. आणि घरी आल्यावर खिडकीतला कप तिला पालथाच हवा होता. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये हा नियम जिने मोडला, तिने हा का मोडला नाही? मला वाटतं, तो नियम तिला स्वतःला बोचत होता आणि हा दुसऱ्याला. दुसऱ्याला बोचतं ते आपल्याला उशिरा कळतं. आमच्या घरी कप नव्हता, वेगळा पाट होता. मी शाळेतून घरी येऊन तो पाट दहा वर्षं रोज बघत होते, आणि वर्गात 'सगळे समान' हा धडा दुसऱ्या बाईंना रजा असली की मीच घ्यायचे.

त्या काळी असं होतंच, असं लिहून झाकू नकोस. हे चूक आहे असं सांगणारे त्या काळीही पुष्कळ होते, आणि त्यांत जे सगळ्यात मोठे, त्या बाबासाहेबांचा जन्म आपल्या शेजारच्या महूचा, १८९१ चा. न्यायाधीश होऊन निकालही देऊ नकोस. कप कसला होता, कुठे असायचा, कधी हलला की शेवटपर्यंत तिथेच होता, एवढं लिही. मात्र त्याआधी भांड्यांच्या मावशींना भेटून ये. आजी कशी होती ते त्यांना विचार. कपाचा विषय तू काढू नकोस. त्या काढतील, किंवा एखाद्या बाळंतपणात मिळालेल्या डिंकाच्या लाडवांबद्दल बोलतील, किंवा एका दमात दोन्ही सांगतील. जे सांगतील ते छापू का, असंही विचार. नको म्हणाल्या तर नको.

इथपर्यंत जे लिहिलं ते तुला दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं. माझं खरं म्हणणं पुढे आहे.

तुझ्या पत्रात काका आहेत, आत्या, बाबा, चुलतभाऊ, भांड्यांच्या मावशी, आजोबासुद्धा आहेत. आई एकदाच येते, तीही 'आई यावर काही बोलत नाही' एवढीच. मी ३१ वर्षं गणित शिकवलं. सवयच लागली आहे, कुणी वेळा सांगितल्या की मी मनात वेळापत्रक मांडते. साडेसातला आजी सोवळ्यात बसली. साडेनऊला उठली. दहाला टेम्पोत. मधल्या अर्ध्या तासात लुगडं बदलायचं, डबा भरायचा, चौकापर्यंत चालत जायचं. पहाटे उठायची म्हणतेस, तेव्हाच केल्या असतील पोळ्या, असं तू म्हणशील. पहाटे पाचला लाटलेल्या पोळ्यांच्या डब्यातून साडेदहाला वाफ येत नाही.

पोळ्या कोण लाटत होतं गं?

आठवड्याचे तीन दिवस, म्हणजे वर्षाचे १५६. दिवसाला ३०, म्हणजे वर्षाला ४,६८० पोळ्या. १९९२ ते २०१४ ही बावीस वर्षं धरली तर १,०२,९६०. सुतक, सणवार, आजारपणं वजा केलीस तरी आकडा लाखाच्या जवळपास राहतो. हे घरातल्या पोळ्या आणि तुमचे शाळेचे डबे सोडून. आजीने लाख वाती लावल्या हे घरात सगळ्यांना माहीत आहे. उद्यापन झालं असेल, मेहूण जेवलं असेल, एखादा फोटोही असेल. लाख पोळ्यांचं उद्यापन कुणी केलं नाही.

माझा अंदाज चुकलेलाही असेल. कदाचित शेजारच्या बायका येत असतील, कदाचित आत्या लग्नाआधी हातभार लावत असेल. पण विचार. विचारताना 'आजीबद्दल काहीतरी सांग' असं म्हणू नकोस. सुनेला सासूबद्दल असं विचारलं की ती चांगलंच सांगते. मीही तेच केलं होतं. सध्या भुट्ट्यांचे दिवस आहेत. चार भुट्टे घेऊन जा, कीस करायला दोघी बसा. हात कामात असले की तोंड उघडतं. मग बारीकसारीक विचार. कणीक किती वाजता भिजवायचीस? मिल बंद पडल्यावर डब्याचं पीठ कुठून यायचं? गिरणीत कोण जायचं? तुला ताप असेल त्या दिवशी काय व्हायचं? तू कधी डब्याबरोबर एमवायला गेलीस का? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. लाखभर पोळ्या जिच्या हातून गेल्या, तिने त्या खाणारं एकही माणूस पाहिलं नसण्याची शक्यता आहे.

ती म्हणेल, मला आवडायचं. किंवा म्हणेल, मला विचारलं कुणी? दोन्ही खरं असू शकतं, सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरं. सोवळ्यावरून तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही कदाचित निघेल. ते सगळं छापायचं नसतं. काय छापायचं ते ती ठरवेल. आणि काहीच बोलली नाही, तर एक ओळ तरी लिही: पोळ्या आई करायची. आईच्या नावानिशी लिही. त्याने आजीचं काही कमी होत नाही. बावीस वर्षं टेम्पोत धक्के खात जाणं, फिनेलच्या वासात वाकून वाढणं, भाजी संपली तरी कुणाला रिकाम्या हाताने न पाठवणं, हे तिचंच होतं. शिवाय आजी हयात असताना हे तिला विचारलं असतं, तर तिनेच सांगितलं असतं असं मला वाटतं. शेवटी ती पोळ्याच मोजत होती ना?

साहित्य गोळा करायला घर रिकामं होण्याआधी एक रविवार घाल. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी वर्तमानपत्रातल्या चौकटीसाठी चार ओळी लिहिल्या, 'प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण' अशा. तुझ्या चौथ्या मसुद्यासारख्याच. दोन महिन्यांनी पलंगाच्या पेटीत जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीने बांधलेली. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षर. दूध अर्धा लिटर जास्त. गॅस आला. ताईचं पत्र. एकादशी, पण साबुदाणा नाही. आणि एका वर्षी, दर महिन्यात एकदा, आठ महिने, 'सुई'. गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला त्या टेम्पोने एकट्या जात होत्या. आम्ही त्याच घरात राहत होतो. मला वाटायचं, त्या भजनाला जातात.

तुझ्या आजीच्याही अशा वह्या असतील. भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब असतात, हिशेबाच्या वहीत अभंग. पोथीच्या पानांत खुणेला काय घातलंय ते बघ. रेशनची पावती असेल, कुणाचं पत्र असेल, तुझा पहिलीतला फोटोही असेल. वहीचं एखादं पान जसंच्या तसं छाप. आजीचं अक्षर हा तिचा सगळ्यात चांगला फोटो आहे, हार घातलेल्या फोटोपेक्षा केव्हाही.

भाषेचं एक सांगते, कारण यावरून माझं लोकांशी भांडण होतं. आजी जशी बोलायची तसं लिही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या 'अलमारीतली थैली दे' म्हणतात, 'मी देवळात जाऊन राहिलेय' म्हणतात, भाजीवाल्याशी अस्सल माळवी हिंदीत भांडतात आणि वळून नातवाला शुद्ध तुपातल्या मराठीत रागावतात. पुस्तिका छापायला जाण्याआधी कुणीतरी पुण्याची वहिनी प्रूफं बघायला मागेल आणि अलमारीचं कपाट करेल. करू देऊ नकोस. कपाटातली पिशवी मागणारी बाई तुमची आजी नाही.

आता देव. २७ आकडा ऐकून घाबरू नकोस, जुन्या घरांत एवढे असतात. सगळे एका वाटेने आलेले नसतात, त्यामुळे सगळे एका वाटेने जाणारही नाहीत. टाक कुळाचे. ते मुलाकडे जातात, घरं वेगळी झाली की नवे घडवून घेतात. त्यामुळे चुलतभावाने टाक मागितले यात गैर काही नाही. तो नवरात्रात ते पाटावर मांडणार आहे की लॉकरमध्ये ठेवणार आहे, एवढं त्याला विचारा. लॉकरसाठी हवे असतील तर चांदी सराफ्यात मिळते. दिवसा जा म्हणावं, रात्री तिथे खाऊगल्ली भरते, जलेबीच मिळते.

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बहुधा आजीचे स्वतःचे, लग्नात तिच्या आईने दिलेले. सत्तरेक वर्षं सासरी काढलेल्या बाईची माहेरची खूण तेवढीच उरते. ती अन्नपूर्णा आत्याला मिळावी हे योग्यच, तिचं रडणंही मला वाटतं त्यासाठीच आहे. पण त्याच देवघरात तुझ्या आईचीही अन्नपूर्णा असेल, तिच्या माहेरची, सासूच्या देवांच्या मागच्या ओळीत कुठेतरी. सत्तावीसमधली ती कोणती, तुला ओळखता येईल का? मला वाटतं, आईला तेच कुणीतरी विचारायला हवंय. निदान तिची मूर्ती तिच्या हातात आधी द्या आणि मग बाकीच्यांची वाटणी करा.

उरलेले म्हणजे आलेले देव. कुणी पंढरपूरहून आणलेला विठोबा, कुणाच्या मुंजीतला गणपती, हळदीकुंकवाला मिळालेली लक्ष्मी. आजीच्या भजनी मंडळातल्या बायकांना बोलवा, ज्यांना हवा त्यांनी एकेक न्यावा. रोज एक फूल आणि साखरेचा दाणा एवढ्यावर राहणारे देव आहेत ते. नेताना कुणी काय नेलं ते लिहून ठेव, पुस्तिकेचं शेवटचं पान तयार होईल.

बाबा नर्मदेचं म्हणतात, तर त्यांना घेऊन एकदा महेश्वरला जाऊन ये. किल्ल्यात अहिल्याबाईंचं देवघर अजून आहे. तिथे त्यांच्या काळापासून मातीची बोटभर शिवलिंगं करतात, पाटावर ओळीने मांडून पूजतात आणि मग नर्मदेत सोडतात. पुन्हा दुसऱ्या दिवशी नवी. ते सोडणं बघायला सुंदर आहे, कारण ती माती असते आणि विरते. पितळेचा मारुती विरत नाही. तो तळाशी पडतो, मग कुणीतरी बुडी मारून काढतो आणि भंगारवाल्याला देतो. बाबांना हे सांगितलंस तर त्यांचा हट्ट सुटेल. भंगलेली मातीची मूर्ती असेल किंवा विटलेल्या तसबिरी असतील, तर काच आणि चौकट काढा, मूर्ती आणि कागद घरच्या बादलीत विरू द्या आणि ते पाणी अंगणातल्या झाडांना घाला. नर्मदाच हवी असेल तर इंदूरच्या नळाला १९७८ पासून तीच येते, नर्मदाकाठच्या जलूदहून इतका चढ चढून. बाबांना त्यासाठी गाडी काढायची गरज नाही.

आणि तुला काही हवं असेल, पण मागायचा संकोच वाटत असेल, तर गंध उगाळायची सहाण माग. तो देव नाही, तुझ्या तत्त्वाला धक्का लागणार नाही. तिच्यावर मधोमध बोट फिरव. खळगा लागेल. आजीच्या आणि तिच्या सासूच्या हाताने तो दगड तेवढा झिजलाय.

राहता राहिली छपाई. ३२ पानं ठरलीत म्हणून भरू नकोस. सोळा झाली तरी पुष्कळ. प्रती साठ काढा. २०० काढल्यात तर दीडशे काकांच्या माळ्यावर जातील. जे पैसे वाचतील त्यांतून एखाद्या सोमवारी एमवायला डबा न्यावा असं कुणाच्या तरी मनात येईलच, अशा वेळी ते येतंच. जरूर न्या. फक्त त्या दिवशी आईला टेम्पोत, म्हणजे आता रिक्षात, डबा मांडीवर घेऊन बसू दे, आणि पोळ्या बाबांना आणि काकांना लाटू दे. सकाळी आठला सुरू करा म्हणावं, तीस व्हायला वेळ लागेल. आणि काकांना सांग, गोल नाही आल्या तरी चालतील, वाफ हवी.

तुझी,
मावशी